भोसल्यांची दौलत आणि लिलावाचा हातोडा



'लिलाव' हा शब्द आपल्या भाषेंत इतका मुरला आहे कीं तो परका असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु पगार, चावी, बटाटा या शब्दांप्रमाणें तोहि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. वऱ्हाड-मराठवाड्याकडे यालाच 'हर्रास' म्हणतात. तो मूळचा अरबी. म्हणजे या व्यवहाराला आपण दोन शब्द वापरतों आणि दोन्ही पाहुणे आहेत. यावरून चढाओढीनें बोली लावण्याची रीतच आपल्याकडे नव्हती असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. जकातींचे मक्ते आणि गांवांचे इजारे बोलीनेंच जात. आपल्याकडे लूट होती, जप्तीहि होती. पण मेलेल्या राजाच्या राजवाड्यांतलें सामान चव्हाट्यावर मांडून, कारकुनाच्या हातीं यादी देऊन, एक-दोन-तीन म्हणत विकावयाचें, हा प्रकार मराठी माणसानें प्रथम मोठ्या प्रमाणावर पाहिला तो नागपुरांत, १८५४ सालीं. त्याच घराण्याची एक वस्तु १७१ वर्षांनीं, २०२५ सालीं, लंडनमधील लिलावांत पुन्हां आली आणि या वेळीं बोली लावणारांत मुंबईचें सरकार होतें. या दोन लिलावांची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं वारले. त्यांना पुत्र नव्हता. जिवंतपणीं दत्तक घेण्याचेंहि त्यांनीं टाळलें होतें. वारसाचा प्रश्न निघाला आणि गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यानें त्याचा निकाल आपल्या ठरलेल्या रीतीनें केला. कौन्सिलांतील कर्नल जॉन लो यानें विरोध नोंदविला. नागपुरांतील रेसिडेंट मॅन्सेल याचेंहि मत संपूर्ण खालसा करण्याच्या विरुद्ध पडलें. दोघांचें कांहीं चाललें नाहीं. १३ मार्च १८५४ रोजीं राज्य खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला.

इतकी माहिती शाळेच्या पुस्तकांत असते. सातारा, झांशी, नागपूर अशी यादी आणि पुढें सालें. मीं ती तीस वर्षें मुलांना पाठ करून घेतली. राज्य गेलें हें मुलांना चटकन कळतें, कारण नकाशावरचा रंग बदलतो. पण वाड्यांतल्या गाद्यागिरद्यांचें, हौद्यांचें, पागेंतल्या घोड्यांचें पुढें काय झालें, हें पुस्तकांत नसतें. आणि माझा अनुभव असा कीं वर्गांतलें चौकस पोर नेमकें तेंच विचारतें.

तर झालें असें. कंपनी सरकारनें ठरविलें कीं राण्यांना त्यांच्या दर्जास शोभेल इतकें जवाहीर आणि सामान द्यावें, बाकीचें विकावें आणि आलेल्या पैशाचा भोसले कुटुंबाच्या निर्वाहासाठीं निधि करावा. कागदावर हें उदार दिसतें. परंतु राण्यांचें म्हणणें निराळें होतें. आपल्याकडे दौलत निराळी आणि खाजगी निराळी. दौलतीचा खजिना राज्याबरोबर जाईल, पण खाजगीकडील जडजवाहीर, जनावरें, भांडीकुंडीं हीं घराण्याचीं; तीं विकावयास काढण्याचा अधिकार कोणी दिला, असा त्यांचा सवाल होता. या सवालाला उत्तर मिळालें तें सीताबर्डीच्या बाजारांत.

१८५४ च्या सप्टेंबरांत जनावरांचा लिलाव सुरू झाला. सिपाई युद्धाचा इतिहास लिहिणारा जॉन विल्यम के हा इंग्रज ग्रंथकार सांगतो कीं हत्ती, उंट, घोडे, बैल मिळून पांचशें ते सहाशें जनावरें विकलीं गेलीं आणि त्यांचे आले १,३०० पौंड. त्या काळीं एका पौंडाचे दहा रुपये होत. म्हणजे तेरा हजार रुपये झाले. भागाकार करून पाहा. एका जनावरामागें चोवीस-पंचवीस रुपये पडले आणि या सरासरींत राजाच्या पिलखान्यांतले हत्तीहि आले! राण्यांनीं गव्हर्नर-जनरलकडे अर्ज केला. त्यांत त्यांनीं मोठ्या किंमतीच्या बैलजोडीचें उदाहरण दिलें. ती जोडी अवघ्या पांच रुपयांना गेली होती. तो अर्ज वाड्यांतल्या कोणी कारकुनानें मोडक्यातोडक्या इंग्रजींत लिहिला होता. के यानें त्या इंग्रजीची थोडी थट्टा केली आहे. मला मात्र त्या अनामिक कारकुनाचें कौतुक वाटतें. परकी भाषा धड येत नसतां त्यानें भावांचे आंकडे तेवढे नेमके टिपून ठेवले.

भाव इतके का पडले, हेंहि समजून घेण्यासारखें आहे. लिलावांत किंमत ठरते ती दोन गोष्टींवर: घेणारे किती आणि त्यांना माल घेण्याची हिंमत किती. नागपुरांत हत्ती पोसण्याची ऐपत ज्यांची होती, ते सरदार-मानकरी भोसल्यांचेच आश्रित. आपल्या धन्याचा हत्ती त्याच्या विधवा जिवंत असतां बोली लावून कोण घेणार? शिवाय सहाशें जनावरें एकदम बाजारांत ओतलीं कीं बैलाचा भावहि मातीमोल होतो, हें कोणताहि शेतकरी सांगेल. राखीव किंमत, म्हणजे ज्याच्याखालीं माल द्यावयाचा नाहीं असा आंकडा, विकणारा धनी आपल्या हिताकरितां ठेवतो. येथें विकणारा धनी नव्हता आणि धनी होता त्याला विकावयाचें नव्हतें.

त्या वेळीं राजघराण्यांत वडीलकीच्या जागीं बांकाबाई होत्या, दुसऱ्या रघूजींच्या पत्नी. वय सत्तरीच्या पुढें. वाड्यांतील सामान हलविण्याची वेळ आली तेव्हां वडील राणीनें, सामान बाहेर काढाल तर वाड्याला आग लावीन, असा निरोप पाठविल्याचें के लिहितो. आग लागली नाहीं आणि सामान मात्र निघालें. (पुढें १८६४ मध्यें महालांतला तो काळ्या दगडाचा राजवाडा खरोखरच आगींत गेला, पण त्याचा या प्रकरणाशीं संबंध नाहीं.)

यानंतर जवाहीर कलकत्त्यास रवाना झालें. तेथें हॅमिल्टन आणि कंपनी या जवाहिऱ्यांच्या पेढीमार्फत १८५५ मध्यें त्याची विक्री पुकारली गेली. वर्तमानपत्रांत 'नागपूरचें जवाहीर' म्हणून जाहिराती झळकल्या. शिरपेंच, तुरे, कंठे, पाचूमाणकांचे दागिने अशा वस्तूंना राजघराण्यांत किंमतीपेक्षां प्रसंग मोठा असतो. कोणता शिरपेंच कोणत्या दसऱ्याला कोणी घातला, हें खाजगीकडच्या कारभाऱ्यांना पाठ असे. कलकत्त्याच्या टेबलावर त्यांतलें कांहीं उरलें नाहीं. रती आणि मासे उरले. घेणारानें रत्नें काढून नव्या कोंदणांत बसविलीं कीं त्या वस्तूचें नांवगांव पुसलें जातें. लुटीपेक्षां लिलावानें इतिहासाची अधिक हानि होते असें मी म्हणतों तें यासाठीं. लुटारू निदान कोणाचें लुटलें याची बढाई तरी मारतो!

के याचा अभिप्राय असा आहे कीं या जप्तीनें आणि विक्रीनें लोकांच्या मनावर जो वाईट परिणाम झाला, तो राज्य घेतल्याच्या परिणामाहून अधिक होता. हा माणूस कंपनीचा वैरी नव्हे, लंडनच्या कचेरींत काम केलेला इंग्रज. त्याची साक्ष म्हणूनच जड आहे. राज्यें येतात-जातात हें रयत पिढ्यानपिढ्या पाहात आली होती. पण विधवेच्या दारांतून तिची गाय सोडून नेणें ही गोष्ट खेड्यांतल्या अडाणी बाईलाहि कळते.

एक गोष्ट आणखी सांगून नागपूर सोडतों. राजाची उत्तरक्रिया ज्यांच्या हातून झाली, ते यशवंतराव, म्हणजेच दत्तविधानानंतरचे जानोजी. १८५७ च्या धामधुमींत बांकाबाईंनीं इंग्रजांविरुद्ध उठाव होऊं दिला नाहीं. त्याचें फळ म्हणून जानोजींना १८६० मध्यें 'राजेबहादूर ऑफ देऊर' ही पदवी मिळाली. देऊर हें सातारा जिल्ह्यांतलें, भोसल्यांच्या जुन्या वतनाचें गांव. राज्य गेलें नागपूरचें आणि पदवी मिळाली देऊरची.

नागपूरच्या आधीं पेशव्यांची दौलत गेली होती. तिची तऱ्हा थोडी निराळी. १८१८ मध्यें दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हातीं पडलेला 'नाशिकचा हिरा' हें तिचें ठळक उदाहरण. इंग्रजी पुस्तकांत त्याचें नांव 'नासक' असें झालें आहे. हा हिरा त्र्यंबकेश्वरीं शिवाच्या चरणीं होता अशी परंपरा आहे. लुटीचा माल म्हणून तो लंडनला गेला. तेव्हां त्याचें वजन नव्वद कॅरटच्या आसपास होतें. रंडेल आणि ब्रिज या जवाहिऱ्यांनीं पैलू पुन्हां पाडून तें अठ्याहत्तरच्या वर ठेवलें. १८३७ मध्यें वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसनें तो घेतला आणि आपल्या तलवारीच्या मुठींत बसविला. पुढें तो अमेरिकेंत गेला, तेव्हां हा जुना कलाविशेष आहे कीं नुसता व्यापारी माल आहे, जकात घ्यावी कीं न घ्यावी, यावर तिकडच्या न्यायालयांत वाद झाला. १९४० मध्यें हॅरी विन्स्टन यानें तो मिळवून पुन्हां कापला आणि वजन त्रेचाळीस कॅरटवर आणलें. १९७० मध्यें न्यूयॉर्कच्या पार्क-बर्नेट येथील लिलावांत तो पांच लाख डॉलरांना विकला गेला. दीडशें वर्षांत निम्म्याहून अधिक हिरा चुरा होऊन गेला आणि किंमत वाढतच राहिली. जवाहिऱ्याच्या दृष्टीनें त्यांत वावगें कांहीं नाहीं, त्याला तेज हवें. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र तो पूर्वींचा ओबडधोबड नव्वद कॅरटांचा दगडच हवा असतो.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. आपल्या राजेरजवाड्यांच्या साऱ्याच वस्तु परकीयांनीं नेल्या असें नाहीं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनीं मोत्यांचा जो प्रसिद्ध गालिचा करविला, तो मदिनेस पैगंबरांच्या समाधीसाठीं होता असें सांगतात. तो तेथें पोंचला नाहीं. राजघराण्याबरोबर युरोपांत गेला आणि मार्च २००९ मध्यें दोहा येथील सदबीच्या लिलावांत सुमारे पंचावन्न लाख डॉलरांना विकला गेला. यांत कोणा डलहौसीचा हात नव्हता.

आतां दुसऱ्या लिलावाकडे येऊं. एप्रिल २०२५ च्या अखेरीस लंडनच्या सदबी या पेढीच्या यादींत एक तलवार आली. ही पेढी आपली स्थापना १७४४ सालची सांगते. त्या वर्षीं तिच्या मूळ पुरुषानें लंडनमध्यें पुस्तकांचा लिलाव केला. त्याच वर्षीं बंगालच्या नबाबानें, अलीवर्दीखानानें, वाटाघाटीसाठीं म्हणून तंबूंत बोलावून भास्करपंत कोल्हटकरांचा दग्यानें वध केला. भास्करपंत हे पहिल्या रघूजी भोसल्यांचे सेनापति. २८१ वर्षांनीं त्या पेढीच्या टेबलावर आली ती त्याच रघूजींची तलवार. योगायोगाला अर्थ नसतो. पण तो ध्यानांत राहातो.

तलवार 'फिरंग' जातीची आहे. फिरंग म्हणजे युरोपांत घडलेलें सरळ पातें आणि त्याला आपल्याकडची मूठ. असलीं पातीं दर्यामार्गें आपल्या बंदरांत येत आणि मराठी सरदारांना तीं फार आवडत. हिचें पातें एकधारी असून मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्यानें मढविलेल्या नक्षीची आहे. परंतु तिचें खरें मोल पात्याच्या पाठीवर आहे. तेथें देवनागरी अक्षरांत, सोन्यानें, रघूजी भोसल्यांचें नांव आणि 'सेनासाहेबसुभा' हें त्यांचें पद कोरलें आहे. साताऱ्याच्या छत्रपतींनीं नागपूरकरांना दिलेला हा किताब. लिलावाच्या धंद्यांत वस्तु कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेली या वंशावळीला फार महत्त्व असतें. कागद नसले तर मालाचा भाव उतरतो. येथें तलवारीनें आपली वंशावळ स्वतःच्या पाठीवर वाहून आणली होती. कलकत्त्याच्या शिरपेंचांना तें भाग्य नव्हतें.

ती विलायतेस कशी गेली याविषयीं महाराष्ट्र सरकारनें असा तर्क केला आहे कीं नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर, आप्पासाहेबांचा पराभव झाल्यावर, लुटींत किंवा नजराण्यांत ती गेली असावी. तर्क पटण्याजोगा आहे. परंतु १८५४-५५ च्या विक्रीची वाटहि मोकळी होतीच, हें विसरतां येणार नाहीं. ज्या घरांतून हत्ती गेले आणि शिरपेंच गेले, तेथून शस्त्रागारांतली एक तलवार जाणें अवघड नव्हतें.

लिलाव २९ एप्रिल रोजीं होता आणि बातमी सरकारला कळली आदल्या दिवशीं. सरकारी खात्याला एका दिवसांत लंडनमध्यें बोली लावणें किती कठीण, हें ज्यांनीं सरकारी कचेरींत खडूची पेटी मंजूर करून घेतली आहे त्यांना सांगावयास नको. म्हणून मध्यस्थामार्फत बोली लावली गेली आणि तलवार मिळाली. वाहतूक, विमा इत्यादि धरून एकंदर खर्च सत्तेचाळीस लाख पंधरा हजार रुपये आला. हातोडा पडतो त्या रकमेवर घेणाराला पेढीचें कमिशन निराळें द्यावें लागतें, हेंहि येथें सांगून ठेवतों. पुष्कळांना तें ठाऊक नसतें. १८ ऑगस्ट २०२५ रोजीं तलवार मुंबईस आली आणि प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे कला अकादमींत लोकांना पाहावयास मांडली गेली.

यावर दोन मतें पडतात आणि दोन्ही मला समजतात. एक पक्ष म्हणतो, जें आपल्या घरांतून गेलें तें पैसे देऊन परत का घ्यावयाचें? चोरीचा माल विकत घेणें म्हणजे चोरीला पावती देणें होय. दुसरा म्हणतो, वस्तु एकदां कोणा धनिकाच्या तिजोरींत गेली कीं पुन्हां पन्नास वर्षें तिचें दर्शन नाहीं. हातीं येते आहे तोंवर घ्यावी. त्याच वर्षीं पहिल्या पक्षाच्या म्हणण्यासारखें एक प्रकरण घडलेंहि. पिप्रहवा येथील स्तूपांत १८९८ मध्यें पेपे नांवाच्या इंग्रज जमीनदाराला बुद्धाच्या अस्थींबरोबर रत्नें सांपडलीं होतीं. त्यांतलीं त्याच्या वंशजांकडे राहिलेलीं रत्नें मे २०२५ मध्यें हाँगकाँग येथें सदबीच्याच लिलावांत निघणार होतीं. भारत सरकारनें कायद्याची नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलैअखेर तीं रत्नें गोदरेज उद्योगसमूहाच्या मदतीनें देशांत परत आलीं.

माझें मत विचाराल तर मी तलवार घेतल्याच्या बाजूचा आहें. पिप्रहव्याच्या रत्नांमागें उत्खननाची नोंद आहे, तारीख आहे, जागा आहे. तलवारीमागें फक्त तिच्या पाठीवरचें नांव आहे, आणि नांवावर दावा चालत नाहीं. शिवाय एका महालाचीं पांचशें-सहाशें जनावरें जेथें तेरा हजारांत गेलीं, तेथें त्या महालाची एक वस्तु सत्तेचाळीस लाखांनीं परत घेण्यांत मला कमीपणा दिसत नाहीं. मात्र ती तलवार पाहावयास नेतांना मुलांना निम्मी गोष्ट सांगूं नये. रघूजी मोठे सेनापति होते. १७५१ मध्यें अलीवर्दीकडून वर्षाला बारा लाखांची चौथ आणि ओरिसाचा ताबा त्यांनीं मिळविला. परंतु त्याआधींच्या दहा वर्षांच्या स्वाऱ्यांत बंगालच्या खेड्यांचे जे हाल झाले, त्यामुळें तिकडच्या आया आजहि 'बर्गी' आल्याचें गाणें म्हणून पोरें निजवितात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. सीताबर्डीच्या बैलजोडीबद्दल आपल्याला जें वाटतें, तें बर्दवानकडच्या कोणा शेतकऱ्याला त्याच्या जोडीबद्दल वाटलें नसेल काय?

नागपूरच्या बाजूच्या श्रोत्यांना एक विनंति. १८५४-५५ च्या विक्रींत स्थानिक लोकांनीं घेतलेल्या वस्तु, एखादी समई, पालखीचा दांडा, हौद्याचें पितळ, क्वचित खरेदीची पावतीहि, जुन्या वाड्यांतून अजून असण्याचा संभव आहे. मोडी कागद असेल तर तो रद्दींत घालण्यापूर्वीं नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला दाखवावा. वस्तु द्यावयास नको. नुसतें छायाचित्र आणि घरांत चालत आलेली हकीकत लिहून दिली तरी पुरे.